पोटाचं माप

बाबा, पोटावर वड्या दिसायला किती दिवस लागतात हे तुम्हाला आयुष्यात कुणी विचारलं नसेल. विचारलं असतं तर तुम्ही स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणाला असतात, "परातीत थापून ठेवलंय, पाडायचं तेवढं बाकी हाय." गणपतीच्या कारखान्यातले सगळे हसले असते आणि विचारणारा आपला प्रश्न विसरून गेला असता. मी विसरलो नाही. होळीच्या आधी रामवाडीतल्या जिममध्ये गेलो, तेव्हा नाव लिहायच्या आधीच मी तिथल्या सरांना हेच विचारलं. सर म्हणजे माझ्याहून थोडाच मोठा पोरगा, पण तिथे सगळे त्याला सरच म्हणतात. ते म्हणाले, पोटाचे स्नायू सगळ्यांनाच असतात, समोरच्या वडापाववाल्यालासुद्धा; त्यांच्यावर किती थर चढलाय तेवढाच प्रश्न. कुणाचं तीन महिन्यांत उघडतं, कुणाला वर्ष जातं, कुणाची चरबी सगळीकडून उतरते आणि नेमकी तिथेच बसून राहते. नुसतं जमिनीवर पडून पोटाचे व्यायाम मारून काही होत नाही, ताट सांभाळावं लागतं, झोप सांभाळावी लागते. मला वरून खाली बघून त्यांनी सहा महिने सांगितले. मी म्हटलं, तीनात पायजे. त्यांनी विचारलं, "लग्न हाय काय?" मी म्हटलं, "नाय. दुसऱ्याचं होऊ नये म्हणून."

तो दुसरा रोह्याचा आहे. कोलाडला नदीवर मुंबईच्या लोकांना रबरी होडीत बसवून पाण्यातून खाली नेतो, आणि उरलेल्या वेळात सदरा काढून खडकावर उभा राहतो. जिच्यासाठी माझं हे सगळं चाललंय, ती तिथेच बुकिंगच्या टेबलावर बसते, कॉलेज सांभाळून. मी आणि ती रोह्याच्या कॉलेजात एका वर्गात होतो हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. मी पाचवीत असताना तुम्ही गेलात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हजेरीवरून एका सरांशी माझं वाजलं. मी भर वर्गात वही बाकावर आपटली आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. ती दारापर्यंत मागे आली होती. मी वळून बघितलं नाही, कारण वळलो असतो तर थांबलो असतो. मग डोलवीला कंत्राटी कामावर लागलो, तिथेही शिफ्टवरून सुपरवायझरशी जुंपली, आणि शेवटी पेणला, तुम्ही बसायचात त्याच कारखान्यात, त्याच खिडकीखाली येऊन बसलो. तिच्याशी फोनवर बोलणं चालू होतं, पण कमी कमी होत गेलेलं. अशात त्या पोराचा एक व्हिडिओ मला दिसला. ओल्या अंगाने उभा आहे, पोटावर जसे कुणी पाट काढलेत, आणि पाणी त्या पाटांतून खाली चाललंय. ती त्यात कुठे दिसत नाही. पण शेवटी मोबाइल धरणारं कुणीतरी हसतं, आणि ते हसू मी हजार माणसांत ओळखेन. मी तो व्हिडिओ किती वेळा लावला हे विचारू नका. पोट बघायला नाही. ते हसू मला बघून आलं असतं तर कसं आलं असतं, ते ऐकायला.

घरी त्या दिवसापासून मी भात सोडला. आईने आधी कौतुकाने घेतलं, मग तिचा पारा चढत गेला. पोह्याचे पापड लाटता लाटता ती मला ऐकवायची की आमच्या घरात कुणी भातावर रुसत नाही, रुसायचं तर माणसांवर रुसावं. एकदा मी उकडलेली अंडी घेऊन बसलो तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला काय तुझ्या बापाचं पोट बघून दिली नव्हती रे. पण त्या पोटासकट पत्करला होता. मी कधी तक्रार केली नाय." आणि हसली. बाबा, ते हसणं बघून मला तुमचा इतका हेवा वाटला की अंडं हातातच राहिलं. तुमच्या सदऱ्याची मधली दोन बटणं कधी लागली नाहीत. उकिडवे बसलात तर उठवायला दोघं लागायचे. आणि तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी एक बाई तुमच्या पोटाची आठवण काढून पापड लाटताना हसते. मी काय करायचं बाकी ठेवलंय, मला सांगा.

हसता हसता ती गप्प झाली तेही लिहितो, नाहीतर खोटं होईल. पेणच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं, पोट उतरवा, छातीवर ताण येतोय. तुम्ही घरी येऊन त्यांची नक्कल करून दाखवलीत. मला ती नक्कल आठवते, कारण मी पोट धरून हसलो होतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात, सीझन ऐन भरात असताना, तुम्ही खिडकीखाली बसल्या जागी कललात. काका अजून म्हणतात, पोटानं नेलं त्याला. मी अंडी घेऊन बसलो त्या दिवशी लाटणं परत उचलताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू करतोस ते कर. त्यांनी अर्धं जरी ऐकलं असतं." तेव्हापासून ती अंडी स्वतः उकडून ठेवते. भाताचा टोप मात्र माझ्यासमोरच आणून आदळते.

आता मुद्द्यावर येतो. वैशाखात मालकांनी मला बोलावून एक ऑर्डर दिली. रोह्याच्या एका मंडळाला शाडूची मूर्ती हवी होती, उभी, आणि पोट सपाट, सहा वड्यांचं. हल्ली अशा ऑर्डरी येतात. तुम्ही असतात तर पान थुंकून आत गेला असतात. मालकांनी मोबाइल पुढे केला, म्हणाले, नमुन्याला त्यांच्या कार्यकर्त्याने स्वतःचाच फोटो दिलाय. मी बघितलं. तोच खडक, तेच पोट. वर मालक म्हणाले की कारखान्याचं नाव त्यांना कुणा मुलीने सुचवलं, तुझ्या ओळखीची आहे म्हणे. तिने माझं भलं व्हावं म्हणून सुचवलं, की माझी आठवण राहिली नाही म्हणून इतक्या सहज सुचवलं, यावर मी दोन दिवस डोकं फोडलं. नाही म्हणून उठून जाणार होतो. कॉलेजातून उठलो, डोलवीतून उठलो, आता तुमच्या जागेवरून उठलो तर बसायचं कुठे, एवढ्यासाठी बसलो.

फोटो छापून समोर टाचला आणि कोरणी घेतली. पहिल्यांदा मनात होतं, असं करीन की तो स्वतः लाजेल. मधली रेघ काढली, मग आडव्या. प्रत्येक रेघेला ते हसू कानात. जरा वेळाने मला वाटायला लागलं की मी मूर्तीत नाही, त्याच्यातच कोरतोय, आणि हात आणखी आत जाऊ लागला. मालक जाता जाता म्हणाले, "जपून रे, आत पोकळ हाय." मला कळत नव्हतं असं नाही. साच्यातून काढलेल्या मूर्तीचा थर केवढा असतो ते शेंबडं पोर सांगेल आपल्याकडचं. पण थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मूर्तीवरचा कपडा काढला तर बेंबीपासून छातीपर्यंत चीर गेलेली. ऊन कडक, माती पातळ झालेली, ती काय धरणार. आणि त्याच दुपारी मंडळाची माणसं मूर्ती बघायला येणार होती.

चीर बुजवायची तर ओला कपडा ठेवून, आतून बाहेरून माती भरून सगळं पोटच नव्याने चढवायला हवं होतं. वड्या काढायला ना थर उरला होता ना वेळ. मी माती मळली आणि लावत सुटलो. लहानपणी मी एकदा ओल्या मूर्तीच्या बेंबीत बोट घातलं होतं, आठवतं? तुम्ही माझा कान धरला नव्हता, मनगट धरलं होतं. म्हणालात, "बोटानं नाय. पोट तळव्यानं करायचं." मग तुम्ही डावा तळवा आपल्या पोटावर ठेवलात, गोलाई घेतलीत आणि उजवा तसाच मातीवर फिरवलात. कारखान्यातले म्हणायचे, ह्यांना मापाला दोरी लागत नाही, माप घरूनच येतं. वैशाखातल्या त्या दुपारी मीही नकळत डावा हात माझ्या पोटावर ठेवला. आणि बाबा, तिथे काही नव्हतंच. इतके आठवडे उपाशी राहून मी ते फळीसारखं करून ठेवलं होतं. ज्याच्यासाठी मरत होतो ते, वड्या सोडल्या तर, झालं होतं, आणि नेमकं तेव्हा ते कामाचं नव्हतं. हात तसाच ठेवून मी बसून राहिलो. मग आठवलं ते हाताला नाही, गालाला. दुपारी जेवून तुम्ही ओट्यावर आडवे व्हायचात आणि मी तुमच्या पोटावर डोकं टाकायचो. श्वासाबरोबर डोकं वर, खाली. आतून गुडगुड. मी डोळे मिटले आणि त्या गालाच्या हिशेबाने तळवा फिरवला.

ते आले तेव्हा माती ओलीच होती. तो, मंडळाचे दोघं, आणि ती. मला वाटलं होतं तो छाती काढून येईल. तो साध्या सदऱ्यात होता आणि आल्या आल्या त्याने पाणी मागितलं. तांब्याभर प्यायला आणि हसून म्हणाला, फोटो ज्यातला त्या व्हिडिओच्या आधीचा दिवस घोटभर पाण्यावर काढला होता, तेव्हा कुठे ते पाट दिसले, संध्याकाळी जेवलो आणि झाकले गेले. वर्षभर केलं ते एका सकाळपुरतं. हे तो मला मित्राला सांगावं तसं सांगत होता आणि मला त्याला मारता येईना. वाईट असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी मूर्ती बघितली. मंडळाचा एक जण म्हणाला, हे काय, फोटो पाठवला होता ना? मालक माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं तापलं. म्हणणार होतो, गणपतीला पोट असतं, नको असेल तर दुसरीकडे जा. तोंड उघडलं आणि तेवढ्यात ती पुढे झाली. मूर्तीला वळसा घालून बाजूने बघितलं, जशी तुम्ही बघायचात, आणि माझ्याकडे वळली.

"हे तुझ्या बाबांचं पोट ना?"

रोह्याच्या स्टेशनवर, गाडीची वाट बघत, मी तिला एकदाच सांगितलं होतं तुमच्याबद्दल. ती तेव्हा कैऱ्या खात होती, ऐकते की नाही याचाही भरवसा नव्हता. मी नुसती मान हलवली. त्या पोराने विचारलं, कुणाचे बाबा, आणि तिने त्याला सगळं सांगितलं, तळवा, माप, कारखान्यातली थट्टा. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. सांगताना हसली. बाबा, तेच हसू. माझ्या बापावर हसली ती, पण ऐकत तो होता, आणि मला त्याच्या कानांचासुद्धा हेवा वाटला. सांगून झाल्यावर तो मंडळाच्या माणसांना म्हणाला, "राहू द्या असंच. माझं काय, संध्याकाळपर्यंत टिकत नाय." तिने जाता जाता पोटावर हात ठेवून बघितला. माती ओली होती. ठसा उठला, बारीक, पाच बोटांचा. तिने जीभ चावली. मी म्हटलं, राहू दे, बुजवतो.

दारात ती मला हळूच म्हणाली, "भात खात नाहीस असं वाटतं." मी म्हटलं, खातो. तिने विश्वास ठेवला नाही. "आणि परीक्षेचा फॉर्म?" मी हातावरची माती खरवडली. ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. मी बघत होतो तिचा हात कुठे जातो. मागच्या दांडीवर गेला. हायवेच्या वळणापर्यंत तिथेच होता. वळणापुढचं मला दिसलं नाही, आणि वळणापुढे रोह्यापर्यंत पुष्कळ रस्ता आहे.

आता मूर्ती रंगवून झाली आहे, येत्या आठवड्यात जाईल. ठसा मी बुजवला नाही. रंगाखाली आहे, ठाऊक असेल त्यालाच दिसतो. त्याच्या मंडळात त्याने आरती करावी आणि समोर तिचा हात असावा, तुमच्या पोटावर, हे मला आवडतं की खुपतं हे अजून ठरत नाही.

जिम सोडली नाही. सहा महिने होत आले. सरांचा हिशेब बरोबर निघाला, वरच्या चार वड्या आल्यात. पहिल्यांदा दिसल्या त्या सकाळी मी आरशासमोर फोटो काढला, तिचं नाव उघडलं आणि बराच वेळ बोट वर धरून उभा राहिलो. पाठवला नाही. हे पत्रही तसंच राहणार, तुमच्याकडे काय मोबाइल आहे. पण तुमच्यापासून काय लपवायचं. त्या फोटोत मी श्वास कोंडून पोट आत ओढलंय.