बर्फासाठी बूट

१ डिसेंबर
ठरलं. जानेवारीत शाळेतल्या मैत्रिणींबरोबर मनाली. दिवसा बर्फात चालायचं, संध्याकाळी हॉटेलवर परत. सविता फेब्रुवारीत कायमची मुलाकडे मेलबर्नला चालली आहे. कॉन्व्हेंटमध्ये सात वर्षं एका बाकावर बसलो. आता एकदा तरी तिचा हात धरून बर्फात चालायचंच. सहल नेणाऱ्या ट्रेकवाल्या बाईंकडे नाव द्यायची मुदत पंधरा तारीख. आधी बूट. बूट झाले की लगेच नाव.

४ डिसेंबर, सकाळी ११
नगरला दुकानात गेले. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय सुजलेले असतात, असं वाचलं होतं ते तिथे आठवलं. परत आले.

सायं. ५
पाय सुजले नाहीत. उद्या बघू.

७ डिसेंबर
घेतले! वॉटरप्रूफ, घोट्याच्या वर, एक नंबर मोठे. शाळेत सिस्टर बुटाचं टोक दाबून अंगठा शोधायच्या, तसा मीही शोधला. सापडला. आता क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात. ट्रेकवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, असल्या मऊ बुटांना साखळीचे स्पाइक्स पुरेत. मी बारा दातांचे मागवले. त्यांना माझा स्वभाव माहीत नाही.

११ डिसेंबर
सराव. केडगावात बर्फ नाही, म्हणून श्रीरामपूरला वैजनाथभाऊजींच्या रानात गेले. उसाला कालच पाणी दिलेलं. चौथ्या पावलाला दातांत काळी माती अशी भरली की पाय उचलेना. भाऊजी बांधावरून म्हणाले, "वहिनी, थांबू नका, नांगरट लई झ्याक चाललीय!" जाऊबाई मालन म्हणाल्या, "बर्फाला निघालाय का ऊस लावायला?" दोघांनी मला ओढून काढलं. डावा बूट रानातच राहिला, तो भाऊजींनी मागून कुदळीने काढला. मातीचा दोष. दात परत पाठवले, स्पाइक्स मागवले.

१५ डिसेंबर, दुपारी ४
सविताचा फोन. "नाव दिलंस का गं?" म्हटलं, स्पाइक्स उद्या येताहेत, आले की देतेच. म्हणाली, "अगं, तिथे सगळं भाड्याने मिळतं. तू नुसती ये." भाड्याच्या बुटात कुणाकुणाचे पाय गेलेले असतात! उद्या सकाळी नक्की, म्हटलं. फोन मध्येच बंद झाला. रेंज गेली असावी.

१६ डिसेंबर, सकाळी १०
स्पाइक्स आले. उत्तम. लगेच ट्रेकवाल्या बाईंना फोन केला. जागा भरल्या. म्हणाल्या, सविताताईंनी गळ घातली म्हणून एक जागा काल रात्री आठपर्यंत अडवून ठेवली होती.

१२ जानेवारी
ग्रुपवर फोटो. सविता भाड्याच्या गमबुटांत, आमच्या वर्गातल्या रेश्माचा हात धरून. लगेच लिहिलं, असल्या बुटांत घोट्याला आधार नसतो, पडशील. तिचं उत्तर: "दोनदा पडले. उठवायला तू हवी होतीस."
बूट घालून अंगणात बसले आहे. कुठेही चावत नाहीत. निवड बरोबरच होती.
केडगावात आज तीस डिग्री.