आतली कडी

धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला आज हात धजत नाही.

ताईला दिसेनासं झालं, एकटीनं राहणं जमेना, म्हणून तुझ्याकडची रिकामी खोली तिच्यासाठी मागायला आलो. तू डोळे मिटून म्हणालास, "दादा, प्रार्थना करतोय, पण प्रभूनं अजून दार उघडलेलं नाही." अरे, दार तुझ्या घराचं, कडी आतून तूच लावलेली! बायबलातला आपला प्रभू सुतार होता खरा, पण तुझी कडी काढायला त्यानं यायचं का?

पडद्याचा रंगसुद्धा तू प्रार्थना करून ठरवतोस. त्याचं उत्तर बरं लगेच येतं! ताईचंच तेवढं अडतं.

शाळेतल्या कविता आठवतात? तुझे केस विंचरता विंचरता ताई एकेक ओळ म्हणायची आणि तू तिच्यामागून. त्याच लयीत मी अजून जिना चढतो. कविता पाठ नसली की तुझ्या पोटात दुखायचं. आता पोटाच्या जागी देव आला, एवढंच.

तुझं उत्तर सांगितलं तेव्हा ताई हसली. "नाही म्हणायचं तर म्हणावं की रे त्यानं. त्या बिचाऱ्या देवाच्या तोंडून कशाला?"

मार्गदर्शनासाठी मीही गुडघे टेकले होते. पण आंधळ्या बहिणीला घरात घेऊ का, हे देवाला विचारायची मलाच लाज वाटली. उठलो आणि माझी खाट भिंतीला सरकवली. एका खोलीत दोन खाटा मावतात.

हे पत्र टाकणार नाही. उघडावं की नाही, यावरही तू प्रार्थनेला बसशील.

तुझ्यावर भयंकर चिडलेला,
दादा