पितळी पेला

३ डिसेंबर

गाणार! ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. आज गोजरबाईंच्या भजनी मंडळात नाव सांगून आले. मोताळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं घर. ओसरीतल्या भाजीच्या टोपल्या बाजूला सरकवायच्या आणि तिथेच बायकांनी दाटीवाटीनं बसायचं. सकाळी वांगी विकणाऱ्या गोजरबाई संध्याकाळी पेटी वाजवतात. पहिला गजर मी नुसता ऐकला. दुसऱ्याला तोंड उघडलं. एकसष्टाव्या वर्षी!

देवासाठी गेले नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. चाळीस वर्षं ह्यांनी त्याच्यासमोर भजन केलं. शाळा सुटली की मास्तर देवळात! मंडळात पहिली ओळ उचलायची ती ह्यांनीच. आणि मार्चमध्ये त्यानं ह्यांचीच वाचा नेली. उजवा हात, उजवा पायही. विठोबाची तसबीर मी त्याच आठवड्यात भिंतीकडे तोंड करून टांगली. अजून तशीच आहे.

४ डिसेंबर

स्वयंपाक करता करता सराव केला. ह्यांनी डाव्या हातानं पाण्याचा पितळी पेला खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटायला सुरुवात केली. ठण! ठण! लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात म्हणाले होते, "तुझा ताल कच्चा आहे. तू आपली ऐक." ऐकलं. दाराआडून मंडळाला चहा पोचवत ऐकलं, चाळीस वर्षं. आता बोलता येत नाही, तर पेला!

आपटा म्हणावं. मी आवाज वाढवला.

८ डिसेंबर

पेला. रोज पेला.

११ डिसेंबर

आज एका ओळीवर साऱ्या जणींचे आवाज असे काही मिसळले की माझा मलाच ऐकू येईना. दचकून थांबले. तर शेजारच्या पुष्पाबाईंनी कोपरानं ढोसलं — म्हणजे माझा आवाज त्यांना हवा होता! हा भसाडा आवाज! नंतर गुळाचा चहा झाला, कुणीतरी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते. कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले आणि मानायला कुणी सापडेना.

तसबिरीकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण मागचा पुठ्ठाच दिसला.

१५ डिसेंबर

किसनराव आले होते. ह्यांच्या मंडळात मृदंग वाजवतात. मी आत चहा करताना गुणगुणत होते आणि पेला सुरू झाला. चहाचा कप घेता घेता म्हणाले, "वहिनी, भाऊले तरास होऊन राह्यला. दिसत नाही का तुमाले?" मी बशीत आणखी दोन बिस्किटं वाढली. घरी आलेला माणूस!

रात्री पुण्याहून आल्हादचा फोन. किसनरावांनी त्याच्याही कानावर घातलंच होतं. "आई, बाबांसाठी एवढं सोड." मुलगा म्हणून त्याचं बरोबर असेल. मी म्हटलं, चाळीस वर्षं सोडलंच होतं की रे! एकादशीला देवळात आमच्या मंडळाचं भजन आहे आणि मी जाणार आहे. त्यानं फोन ठेवला. मग मी थोडं रडले, पण जाणार आहे.

१९ डिसेंबर

सकाळी गात होते, पेला चालूच होता. सहज मान वळवली तर ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. ओळ अर्धीच सोडली. हट्टी आहे मी, पण दगड नाही. गोजरबाईंना निरोप पाठवला, माझं नाव काढा.

२१ डिसेंबर

घर चिडीचूप. पेला तिपाईवर. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि कूस वळवली. आता आणखी काय हवंय? गायलं तरी पंचाईत, नाही गायलं तरी पंचाईत. देवाचं तोंड भिंतीकडे, ह्यांचंही भिंतीकडे. मी बोलायचं कुणाशी!

२३ डिसेंबर

गोजरबाई बाजारातून थेट घरी. हातात मेथीची जुडी, पदराला माती. कारण सांगितलं, पेला दाखवला. समजूत घातली नाही की काही नाही. म्हणाल्या, एकदा म्हणून दाखवा. म्हटलं. खाटेवर हालचाल झाली, डावा हात तिपाईकडे गेला, आणि ठण! मी थांबणार होते, पण गोजरबाईंनी हातानं चालू ठेवायला सांगितलं. डोळे मिटून बसल्या होत्या, बोट गुडघ्यावर हलत होतं. संपल्यावर म्हणाल्या,

"बाई, राग आलेला माणूस समेवर ठोका देते का? मास्तर ठेका धरून राह्यले तुमाले. तुमी घसरल्या का थांबते. तुमी आल्या का मंग देते."

पुन्हा म्हटलं. या वेळी पेल्याशी न भांडता, पेला ऐकत. दुसऱ्या ओळीत मी नेहमी घाई करते. तिथे ह्यांनी पेला वरच धरून ठेवला. माझ्याकडे बघत, वाट बघत. मी सावरून आले आणि मग — ठण.

मी खाली बसले आणि खूप रडले. ज्या माणसाला हरवायचं म्हणून आवाज चढवत होते, तो पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत भजनाला बसला होता. गोजरबाईंनी स्वतः उठून चहा टाकला.

एक मात्र खरं. माझा ताल कच्चा आहे, असं ह्यांचं अजूनही म्हणणं दिसतं. बघू!

२४ डिसेंबर

आल्हादला फोन लावला आणि तो पेल्याजवळ धरला. मी भजन म्हटलं, ह्यांनी ठेका दिला. आल्हाद म्हणाला, आई, आणखी एकदा म्हण.

२६ डिसेंबर, एकादशी

ह्यांना चाकाच्या खुर्चीतून देवळात नेलं. किसनराव म्हणाले, पुरुष तिकडे. मी ऐकलं नाही. बायकांत, माझ्या शेजारी बसवलं. टाळांची जोडी एकच घेतली. एक टाळ ह्यांच्या डाव्या हातात, एक माझ्या उजव्या. मधे दोरी.

घरी आल्यावर तसबीर सरळ केली. अजून बोलले नाही. पण सरळ केली.