आजीची पायपेटी आणि दादाची सही

मी, हातपिशव्या शिवणारी, आईवडिलांचे शेंडेफळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता करते. दडपण आणण्याचा उद्योग थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, जन्मभर केला. त्याला यश आले नाही, हेही इथेच नोंदवते.

१. शिलाई मशीन, कात्र्या आणि चामडे कापायची सुरी दुकानात माझ्याशेजारी बसून शिवणाऱ्या बाईंना द्यावी. त्या सुरीने कोणीही भाजी चिरू नये.

२. बँकेतली शिल्लक वहिनीला. कारण पुढे येईल.

३. आजीची पायपेटी. वाटण्या झाल्या तेव्हा दादाने बाजारातला गाळा घेतला आणि पायाने भाता मारून वाजवायची ही पेटी माझ्या गळ्यात मारली. भाता उंदरांनी खाल्लेला, पट्ट्या अडकलेल्या. दादा म्हणाला, "भंगारात दे, नाहीतर वर टीव्ही ठेव." दुरुस्तीवालेही म्हणाले, "बाई, कशाला जीव लावता? एवढ्या खर्चात नवी येईल." मीही डळमळले होते. मग आतला एक पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणारी बारीक जीभ, काढला, पुसला आणि तोंडाने फुंकून पाहिला. आजी ज्या सुराने सुरुवात करायची तोच, अगदी स्वच्छ. मला रडू कोसळले आणि प्रश्न निकालात निघाला.

भाता मी स्वतः केला, आणि धंद्याच्या सवयीने दुहेरी शिवण घालून केला. सुईच्या भोकाभोकातून हवा पळाली. दादा पोट धरून हसला, "पेटी आहे की दम्याचा पेशंट?" ते चामडे वाया गेले. दुसरे वहिनीने गुपचूप आणून दिले. या वेळी सुईला हात न लावता सरसाने चिकटवले. दादा, तुझा हरवलेला चामडी कोट त्या भात्यात आहे.

पेटी वाजली तेव्हा अख्खा मजला दारात गोळा झाला. दादा जिन्यातच थांबला होता, पण मी पाहिले. जिंकले मी!

४. ही पेटी भाचीला, दादाच्याच मुलीला द्यावी. ती हिच्यावर शिकली आणि आता इतरांना शिकवते. पेटी हलवली की सूर बिघडतात, म्हणून घरही भाचीलाच. पेटी विकू नये. तिच्यावर टीव्ही, कुंडी किंवा दादाचा चहाचा कप ठेवू नये.

५. दादाला काहीही देत नाही. रागाने नव्हे. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका." आणि मला साक्षीदार दादाच हवा. माझ्यामागे पेटी भंगारात जायची भीती आहे ती त्याच्याच मताने. तेव्हा ती दुरुस्त करण्याच्या लायकीची होती की नाही, हे त्याने सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे.

ठिकाण : पेटीची खोली
दिनांक : शिक्क्यात आहे तो

लिहून देणार : शेंडेफळ (सही)

साक्षीदार :
१. वकीलबाईंच्या कचेरीतले टंकलेखक (सही)
२. थोरला भाऊ. सगळे वाचले. होती लायकीची. कोट शोधणे आजपासून बंद. आता वाजवणार असशील तर थांबतो, आत येऊन बसतो. (सही)