बिनतालमीचा कार्यक्रम

घणसोली गाव,
डिसेंबर १९९८

प्रिय आशुतोष,

पुन्हा एकत्र वाजवायला बोलावणारं तुझं पत्र मिळालं. ‘एवढ्या वर्षांत राग निवळला असेल’ असं तू लिहिलं आहेस. नाही निवळला. उलट लोणच्यासारखा छान मुरलाय. तरीही ‘येते’ म्हणून बंडूकडून निरोप पाठवला, तेव्हा तुला फारसं नवल वाटलं नसेल. कुणी नाही म्हटलं तरच तुला नवल वाटायचं.

वाशीभर तुझी पोस्टरं लागलीत. ‘जमेल तसं : जुने सोबती पुन्हा एकत्र. आधी ठरवलेलं काहीही नाही.’ बँडचं नाव तेच ठेवलंस, बरं केलंस. ते बंडूचं. कोपरखैरण्याच्या हळदीत नवरदेवाच्या काकांनी दरडावून विचारलं होतं, काय वाजवनार तुमी? ड्रम मांडता मांडता बंडू म्हणाला, ‘जमेल तसं, काका. टेन्शन नका घेऊ.’ तिथून आपण चौघं तेच झालो. तू गिटारवर, बंडू ड्रमवर, महाप्याच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून थेट येणारा श्यामसुंदर बेसवर, आणि मी आमच्या गावच्या भजनी मंडळाची पेटी घेऊन. गिटारच्या बँडमध्ये पेटी कशाला, असं सगळे विचारायचे. तू त्यांना सांगायचास, ‘एकदा ऐका, मग बोला.’ त्या एका वाक्यावर मी किती दिवस जगले असेन, ते आता आठवलं तरी माझी मलाच चीड येते.

आपण तालीम कधी केलीच नाही. एकाने एकट्याने सुरू करायचं, बाकीच्यांनी विंगेत उभं राहून ऐकायचं आणि ज्याला जेव्हा आत शिरावंसं वाटेल तेव्हा शिरायचं, ही आपली रीत. सोसायट्यांचे क्लब हॉल, शाळांची गॅदरिंग, ती महाप्याच्या परमिट रूमची गच्ची. तिथला वेटर ‘दो प्लेट चकली, एक सोडा’ ओरडायचा आणि श्यामसुंदर त्याच लयीत बेसवर उत्तर द्यायचा. मग आपण तिघं त्याच चकलीवर पाऊण तास वाजवायचो. लोक ग्लास खाली ठेवून ऐकायचे. मी पेटीचा भाता सोडून तुझ्याकडे बघत बसायचे. मला तू आवडायचास. तुला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याची तुला मजा वाटायची.

आणि आपला तो एकच नियम. तो तूच केलास, म्हणून नीट आठवण करून देते. कुणी चुकला तर त्याला एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी त्याच्यामागे त्याच चुकीत शिरायचं आणि ती इतक्या वेळा वाजवायची की ती चूक उरणारच नाही. बंडूची मात्रा गळली की आपण सगळे ती गाळायचो आणि लोक त्या खड्ड्यावर नाचायचे. तुझी तार तुटली त्या दिवशी आम्ही तिघांनी एकेक सूर सोडून वाजवलं. तुझी अब्रू आम्ही कितीदा अशी झाकली, ते तुला कधी मोजावंसं वाटलं नाही.

मग वाशीच्या शाळेच्या हॉलमधला तो कार्यक्रम. कॅसेट कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसलाय, हे फक्त तुला माहीत होतं. माझी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. भजनाबाहेर तिने मला कधी ऐकलंच नव्हतं. सगळं शुद्ध गंधारावर चाललेलं असताना माझं बोट कोमल गंधारावर पडलं. मी ते उचललं नाही. का उचलू? मी वाट बघत तो सूर धरून ठेवला. बंडू आला. श्यामसुंदर आला. तू मात्र गिटारवरचा हात काढलास, माईकपाशी गेलास आणि हसून म्हणालास, ‘आमच्या पेटीवाल्या ताई गावातून आल्यात, जरा सांभाळून घ्या.’ अख्खा हॉल हसला. माझी आईसुद्धा हसली, कारण सगळे हसत होते आणि तिला वाटलं तो कार्यक्रमाचाच भाग आहे. घरी जाताना रिक्षात तिने विचारलं, ‘सगली का हासली गो?’ मी म्हटलं, आवडलं म्हणून. त्या खोट्याचा राग मला तुझ्या विनोदाहून जास्त आहे. मी आईशी असलं खोटं कधी बोलले नव्हते.

इथवरही मी कदाचित गिळलं असतं. पण दिवाळीच्या पहाटे समोरच्या टॉवरच्या गच्चीवरच्या स्पीकरमधून तुझी कॅसेट ऐकू आली. त्यात तो कोमल गंधार होता, माझाच, तितकाच लांबवलेला, आणि त्यावर तुझी गिटार ऐटीत चालत होती. ज्याला हसलास तेच विकलंस. कव्हरवर तुझा एकट्याचा फोटो. बंडू आणि श्यामसुंदरचं नाव बारीक अक्षरांतही नाही. आता लग्नांमध्ये पोरं मला सांगतात, पेटीवर ती आशुतोषची धून वाजवा ना. त्या हॉलनंतर कितीतरी दिवस मी चारचौघांत पेटी उघडली नव्हती. पुढे उघडली तरी वाजवायला बसले की आधी लोकांची तोंडं बघायचे, कोण हसतंय ते. ते तुझ्यामुळे, आणि त्याची मी तुला कधीच माफी देणार नाही.

बंडू सांगतो, हल्ली तुझे वादक समोर कागद ठेवून वाजवतात आणि तूही सूर न् सूर ठरवून ठेवतोस. आधी ठरवल्याशिवाय आता तुला वाजवता येत नाही म्हणे. म्हणूनच तुला आम्ही हवे होतो. इथल्या लोकांपुढे तू नुसतं सुरू करायचं, उरलेलं आम्ही उभं करायचं.

हे पत्र बंडू दुसऱ्या घंटेनंतर तुझ्या हातात देईल. तो म्हणाला, न सांगताच करू या, मजा येईल. मी नको म्हटलं. विंगेत उभे असतील, आता येतील, अशी आशा तुला एक मिनिटही मिळायला नको. ड्रम मांडलेले आहेत, श्यामसुंदरचा बेस स्टँडवर आहे, पण आम्ही कुणी विंगेत नाही. आम्ही तिघांनी रीतसर तिकिटं काढलीत. पडदा वर गेला की पहिल्या रांगेत डावीकडे बघ. पेटी मी घरी ठेवून आलेय आणि हात मोकळे आहेत. चांगलं वाजवलंस तर टाळ्याही देईन, माझा शब्द आहे. तिसरी घंटा झाली असेल. जा, सुरू कर.

तुझीच, आज फक्त ऐकायला आलेली,
नमिता