संगणक क्रमांक चार आणि ठिपक्यांचा गोल

व्यक्तिगत. आवक विभागाने उघडू नये.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सार्वजनिक वाचनालय व प्रौढ संगणक वर्ग,
पहिला मजला, कोपऱ्यातील खोली.

विषय: संगणक क्रमांक चारवरील माझ्या धड्यांत कोणी तरी परस्पर लिहीत असल्याबाबत, व त्यापायी शनिवारचा बालवाचन वर्ग बंद न करण्याबाबत.

संदर्भ: १) "या इमारतीत शिकवणाऱ्या प्रत्येकाने स्वतः टंकलेले एक निर्दोष पान महिनाअखेर सादर करावे" हे आपले परिपत्रक.
२) माझ्या पानावर उमटलेला "अशुद्ध. अपात्र." हा शिक्का.
३) आपले व माझे जिन्यात झालेले बोलणे.

महोदय,

वरील विषयी सविनय कळवते की,

१. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. एकोणचाळीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला. आता दर शनिवारी आपल्या वाचनालयाच्या खालच्या दालनात तेवीस मुलांना वाचायला शिकवते. आपले परिपत्रक निघाले तेव्हा मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी प्रौढ संगणक वर्गात नाव घातले. पहिल्याच दिवशी संगणकाच्या बाईंनी बजावले होते, "कागदावर पहिली वेलांटी आपण आधी काढतो, मग अक्षर. इथं उलटं. आधी अक्षर दाबायचं, मग वेलांटी." मी जन्मभर आज्ञाधारकपणा शिकवला, तेव्हा स्वतः पाळला. माझी वेलांटी एकदाही चुकली नाही.

२. सादर करण्याच्या पानासाठी मी मुलांचेच धडे टंकायला घेतले. पहिला धडा असा: "चिमणी खिडकीत बसली. तिने किल्ली पाहिली." फाईलला नाव दिले "सोपे धडे" आणि ती पडद्यावर अगदी समोर ठेवली. आता वाटते, चोराला हाक मारल्यासारखेच झाले ते.

३. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझ्या दोन ओळींखाली त्याच दोन ओळी पुन्हा दिसल्या. मी लिहिलेल्या नव्हेत. "चिमणी"च्या आधी ठिपक्या-ठिपक्यांचा एक गोल होता. "खिडकीत"च्या आधी तसाच. "तिने" आणि "किल्ली"च्या आधीही. असा गोल मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ही कोणाची तरी खूण आहे, असे मी धरून चालले. मी त्या ओळी पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोल हजर. शिवाय खुर्ची वर केलेली, आणि माऊस डाव्या हाताला.

४. मला संशय आला म्हणजे मी नीट तपास करते. पहिलीच्या वर्गात खडू चोरणारा शोधायचा, तर आधी सगळ्यांचे खिसे मनातल्या मनात तपासावे लागतात. आमच्या वर्गातले शिंपीकाका डोळ्यांत भरले, कारण ते कोणाच्याही पडद्यात डोकावतात. पण ते माझ्याहून बुटके, खुर्ची वर केली तर त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. मग निवृत्त बसचालक. ते माऊस दोन्ही हातांनी धरतात आणि वळणावर अंगही कलंडवतात, पण पाचाच्या ठोक्याला घरी जातात. आपले टंकलेखक झोपेतही बिनचूक लिहितील. राहिला पहारेकरी. त्याला मी आडून विचारले, तर तो म्हणाला, "बाई, मला त्या खोलीत नुसता पंखा बंद करायला जायची पण भीती वाटते. चुकून काही दाबलं गेलं म्हणजे?"

५. म्हणून मी आपल्याला जिन्यात गाठून सर्व सांगितले. आपण दोन पायऱ्या वर होता. आधी म्हणालात, "भास असेल तुमचा." मग म्हणालात, "तरी मी स्वतः जातीने लक्ष घालतो." आपण शब्द पाळलात, हे मला पुढे कळले.

६. त्यानंतर चोराची भाषा पालटली. धड्यांखाली एक दिवस लिहिलेले सापडले: "सर्व संबंधितांस कळिवण्यात येते की". इतकेच. पुढे काय कळवायचे ते नव्हते. चोर सर्व संबंधितांस कळवू लागला, हे पाहून माझी झोप उडाली.

७. नाइलाजाने मी जुना उपाय केला. बुधवारी निघताना कळफलकावर खडूची पूड अगदी पातळ भुरभुरली. (संगणकाच्या बाई त्यावरून रागावल्या. त्यांची माफी मागितली असून कळफलक कुंचल्याने साफ करून दिला आहे.) गुरुवारी सकाळी दालनात आपण सर्वांना सूचना वाचून दाखवलीत. कागद डाव्या हातात होता. काळ्या कोटाच्या डाव्या बाहीवर, मनगटाजवळ, पांढरे होते. वाचून झाल्यावर आपण त्याच हाताने सही केलीत.

८. मी त्यावरून काहीही ठरवले नाही. खडू कोणालाही लागतो. मी संगणकाच्या बाईंना नुसता तो गोल दाखवला. त्या हसून म्हणाल्या, "अहो, ही कसली खूण? वेलांटी आधी दाबली की यंत्र गोल काढून दाखवतं, की इथं अक्षर राहिलंय. पहिल्या दिवशी जो वर्गात नव्हता ना, त्याचं काम हे." पहिल्या दिवशी आम्ही अकराही जण हजर होतो. पहारेकरीसुद्धा दारात उभा राहून ऐकत होता. उद्घाटनाचे भाषण करून, "संगणकाशिवाय आता तरणोपाय नाही" असे सांगून, धडा सुरू व्हायच्या आत बैठकीला गेलेली व्यक्ती एकच.

मी कोणाचे नाव घेत नाही.

९. महिनाअखेरीस टंकलेखकांनी सकाळी लवकर येऊन सर्वांची पाने छापून घेतली. मी पोहोचेपर्यंत माझे पान गोलांसकट छापून निघाले, शिक्का बसला, आणि शनिवारचा वर्ग पुढच्या महिन्यापासून बंद, अशी पाटीही लागली. त्या पानाच्या तळाशी चार ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत, असे लिहिणार होते. पण वाचल्या. पहिल्या तीन ओळींत "प्रिय छकुली" तीनदा, आणि तिन्ही वेळा "प्रिय"आधी गोल. चौथी ओळ: "हे पत्र आजोबाने स्वतः लिहिले आहे." त्यातले "लिहिले" साफ फसले होते.

१०. महोदय, ती ओळ वाचेपर्यंत मी चोर पकडल्याच्या आनंदात होते. कार्यालयीन पत्र टंकलेखकाला तोंडी सांगून लिहून घेता येते. हे तसे घेता येत नाही, हे मला समजते. आणखी एक सांगते. पान बंद करताना यंत्र विचारते, "बदल जतन करायचे?" आमचा चोर दर वेळी "हो" म्हणत होता. इतका सरळ चोर मी पाहिलेला नाही.

११. तरी माझी विनंती अशी. हा अर्ज मी स्वतः, संगणक क्रमांक चारवर, आज सकाळी टंकला आहे. मुद्दा सहामधील एक शब्द मुद्दाम जसाच्या तसा उतरवला आहे. तो सोडून वेलांटी तपासून पाहावी. गोल एकही नाही. हेच माझे निर्दोष पान धरून शनिवारच्या वर्गाची पाटी काढावी. तेवीसपैकी सात मुले आत्ता कुठे जोडाक्षरांना भिडली आहेत. मध्येच सोडली तर ती परत चित्रे बघू लागतील.

१२. दुसरी गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा वरील विनंतीशी काडीचाही संबंध लावू नये. पाटी राहिली तरी ही कायम आहे. दर मंगळवारी व गुरुवारी, कार्यालय सुटल्यावर, संगणक क्रमांक चारच्या शेजारच्या खुर्चीवर मी विणकाम घेऊन बसेन. कोणी आले तर मान वर करणार नाही. अडल्यास नुसते खोकावे. चूक करणाऱ्याकडे न बघता फळ्याकडे बघून चूक सांगायची मला जुनी सवय आहे. माऊस डावीकडेच ठेवलेला असेल.

१३. माझ्या जिन्यातील तोंडी तक्रारीची चौकशी बंद करावी. चोर सापडला नाही, असे लिहिले तरी चालेल.

आपली नम्र, आणि पाटीकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
शनिवारच्या वर्गाची बाई
दिनांक: २, सोमवार

प्रत: कोणासही नाही.

सोबत:
१. शिक्का मारलेले मूळ पान. शेवटच्या चार ओळी कापून वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत. त्या ज्यांच्या आहेत त्यांना मिळाव्यात.
२. एक चिठ्ठी, कळफलकाच्या वरच्या कडेला चिकटवण्यासाठी: "आधी अक्षर, मग वेलांटी."
३. "सोपे धडे", भाग दुसरा: आपल्या माणसाला पत्र. मुलांसाठी तेवीस प्रती काढल्या होत्या. ही चोविसावी.