सायकल मागून धरणाऱ्या बाई

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे त्यातलं एक अंग कमी धरावं).

पत्र पोचलं. खुर्चीतून उठताना तुझी कंबर आता आवाज करत नाही हे वाचून बरं वाटलं. वहिनीचा खोकला गेला हेही चांगलंच झालं, फक्त आता तुझं बोलणं मध्येच तोडणारं घरात काही उरलं नाही, याची काळजी वाटते.

तू लिहिलंस, निवृत्त झालीस, आता कुणाला काही शिकवू नकोस, स्वस्थ बस. दादा, मी खरंच बसले. शाळेचा निरोप घेऊन घरी आले ती थेट दुपारच्या चहापर्यंत बसले. मग खालचे दातांचे डॉक्टर परगावी निघालेले दिसले, तेव्हा त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. रोज जायचे, पाणी घालायचे, झाडांशी दोन शब्द बोलायचे (शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त लक्ष द्यायची ती). डॉक्टर आल्यावर मी ऐटीत म्हटलं, "बघा, एक पान गळू दिलं नाही!" तर ते म्हणाले, "गळेल कसं बाई? प्लास्टिकची आहेत." (एवढं पाणी गेलं कुठे, ते त्यांच्याखाली राहणाऱ्या शिंप्याला आपलं छत बघून कळलं.) मग चित्रकला धरली. मी जिन्यात लावलेल्या घोड्याचं येणारेजाणारे सगळे म्हैस म्हणून कौतुक करायला लागले, तेव्हा तीही सोडली.

अशात आमच्या शेजारच्या नर्सची बदली झाली नदीपलीकडच्या दवाखान्यात. तिची पाळी सुरू होते पहिली बस सुटायच्या आधी. बिचारी चालत जायची, धापा टाकत उशिरा पोचायची. दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बस. पोरगी जिन्यात बसून रडत होती. म्हणाली, "सायकल घेतली असती हो, पण येते कुठे? आणि या वयात मला कोण शिकवणार?" दादा, 'कोण शिकवणार' हे शब्द माझ्यासमोर कुणी काढू नयेत. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. तोल, वेग, घर्षण, सगळं माझ्या जिभेवर. "मी शिकवते," म्हणाले, आणि दुसऱ्याच सकाळी भाड्याची सायकल घेऊन बंद गोदामामागच्या मोकळ्या जागेत आमचा वर्ग भरला. भिंतीवर खडूने बाण काढून आधी गुरुत्वमध्य समजावला. तिला तो लगेच समजला, कारण ती त्याच दिशेने पडली.

बातमी फुटलीच. आधी शिंपी शिकायला आला, मग डॉक्टर आले (दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, छतामुळे). एके दिवशी काळा चष्मा लावलेला, मफलरमध्ये गुंडाळलेला एक गृहस्थ येऊन उभा राहिला. आमच्या इमारतीचे अध्यक्ष! फाटकावर 'आवारात सायकल आणण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली ती यांनीच. मी नाव विचारलं तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी अध्यक्षांचा भाऊ." म्हटलं, बरं झालं, तुमच्यात सभ्य माणूसही आहे म्हणायचा. बसा सीटवर. रोज कुंपणात पडायचे, पण तक्रार नाही. भाऊ खरंच गुणी.

आता गुडघ्याचं. परवा मी नर्सला मागून धरलं होतं आणि माझ्या स्वेटरची बाही कॅरियरच्या स्प्रिंगमध्ये अडकली. तिला वाटलं बाईंनी सोडलं, आणि आपण एकट्याने चालवतोय! काय तो आनंद दादा, काय तो वेग! गोदाम गेलं, बेकरी गेली, आम्ही पुलावर. मी मागून पळतेय आणि जीव खाऊन ओरडतेय, "थांब! थांब!" तिला ऐकू आलं "लांब! लांब!" तशी ती आणखी लांब निघाली. एक चप्पल पुलावर राहिली, बाही दवाखान्याच्या फाटकाशी उसवली आणि मी रखवालदाराच्या पायाशी बसले. तिने मागे वळून विचारलं, "बाई, तुम्ही माझ्याआधी कशा पोचलात?" पण वेळेवर पोचली ना! गुडघ्याला पट्टी तिनेच बांधली, आणि बांधताना पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. माझ्याही डोळ्यात जरा काहीतरी गेलं.

नर्सने स्वतःची सायकल घेतली, पण आवारात ठेवायची कशी? बैठक बोलावली. अध्यक्ष म्हणाले नियम म्हणजे नियम. मी उठले आणि फार प्रेमाने विचारलं, "अध्यक्षसाहेब, तुमच्या भावाचं कोपर कसं आहे?" त्यांनी आपलं कोपर पटकन टेबलाखाली घेतलं. पाटी त्याच संध्याकाळी उतरली.

पण माणूस पक्का. शेवटी उठून टाळ्या वाजवत म्हणाले, "रविवारी सगळे विद्यार्थी सायकलवरून तळ्यापर्यंत जातील, आणि सगळ्यांच्या पुढे आपल्या बाई!" सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वहिनीला नमस्कार, तुझ्या कंबरेला जप.

तुझी धाकटी बहीण

ता. क. दादा, मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. आजवर हे कुणी विचारलं नाही, आणि मागून धरणाऱ्याला ती यावी लागत नाही. अध्यक्षांच्या मात्र लक्षात आलेलं दिसतं. काहीही करून शुक्रवारी ये.

आणखी एक. आत्ता आठवलं, येत तर तुलाही नाही. वहिनीला येते. तेव्हा तिलाच पाठव, तू घरीच थांब. तिला हात दोनच आहेत, आणि मला दोन्ही लागतील.